मंगळाचा हंगाम

मंगळ पृथ्वीच्या जवळ येतो तो दर सव्वीस महिन्यांनी. सूर्याभोवती आतल्या अंगाने धावणारी पृथ्वी बाहेरच्या संथ मंगळाला सरासरी ७८० दिवसांनी गाठते. त्या वेळी एका बाजूला सूर्य, बरोबर समोर मंगळ आणि मध्ये आपण, अशी स्थिती होते. हीच प्रतियुती. त्या दिवसांत सूर्य मावळला की पूर्वेला मंगळ उगवतो आणि रात्रभर आकाशात असतो. काही आठवडे गेले की तो पुन्हा मागे पडायला लागतो. सूर्यापलीकडे गेल्यावर तर अंतर चाळीस कोटी किलोमीटरपर्यंत वाढतं आणि चांगल्या दुर्बिणीतूनही एका तांबूस ठिपक्याखेरीज काही हाती लागत नाही.

सगळ्या प्रतियुती सारख्याही नसतात. मंगळाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपेक्षा बरीच लंबगोल आहे. त्यामुळे कधी तो दहा कोटी किलोमीटरवरूनच परत फिरतो, तर कधी साडेपाच कोटींपर्यंत येतो. हे खरे जवळचे योग पंधरा किंवा सतरा वर्षांनी येतात आणि पडतात ते ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे महाराष्ट्रात ऐन श्रावण-भाद्रपदात. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. जवळजवळ साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. पण कोकण-घाटमाथ्यावरच्या आकाशनिरीक्षकांना तेव्हा ढग फाटायची वाट पाहावी लागली. मंगळ उत्तम दिसतो तेव्हा आपल्याकडे पाऊस असतो. भूगोलाने केलेला हा अन्याय आहे, त्याला इलाज नाही.

वाफसा चुकला की पेरणी गेली, हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. मंगळाच्या अभ्यासकांचं निदान चारशे वर्षं असंच चाललं आहे. आधी दुर्बिणी त्या हंगामासाठी सज्ज करायच्या, आता यानं. एका हंगामात काय दिसलं आणि काय हुकलं, यावर पुढच्या अनेक वर्षांची समजूत ठरत आली.

दुर्बिणीच्या आधीही या ग्रहाने गणितज्ञांना स्वस्थ बसू दिलं नव्हतं. मंगळ तारकांमधून पूर्वेकडे सरकता सरकता थबकतो, सुमारे सत्तर दिवस उलटा चालतो आणि मग पुन्हा मार्गी होतो. पंचांगात ‘मंगळ वक्री’ म्हणून जे छापलेलं असतं ते हेच, आणि प्रतियुती या वक्री काळाच्या मध्यावर येते. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस एका महायुगात मंगळाच्या २२,९६,८२४ फेऱ्या दिल्या. त्याच्याच दिवसांच्या हिशेबाने भागलं तर एक फेरी ६८७ दिवसांची येते. आजचा आकडा ६८६.९८ आहे. नुसत्या डोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वेध घेतल्याशिवाय एवढी अचूकता येत नाही.

पण सरासरी गती कळली तरी अमुक रात्री मंगळ नेमका कुठे असेल, हे सांगणं वेगळं. तिथे ग्रंथाग्रंथांत तफावत पडायची. मुरुडजवळच्या नांदगावात पंधराव्या शतकाच्या अखेरीस केशव दैवज्ञ हेच तपासत होते. ग्रंथातून काढलेला ग्रह आणि आकाशात दिसणारा ग्रह यांचा मेळ बसत नाही, हे त्यांनी वेध घेऊन नोंदवलं. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी १५२० हे आरंभवर्ष धरून ‘ग्रहलाघव’ रचला. त्यात त्यांनी कोणत्याही एका सिद्धांताचा हट्ट धरला नाही. आकाशाशी ज्याचं जुळतं ते घ्यायचं, या न्यायाने मंगळ आर्यपक्षाचा, म्हणजे आर्यभटाच्या परंपरेतला, घेतला, बुध ब्राह्मपक्ष या दुसऱ्या परंपरेचा, आणि शनीला तर पाच अंशांची दुरुस्ती दिली. ज्या-कोटिज्यांची किचकट कोष्टकं टाळून केलेलं हे गणित इतकं सोपं होतं, की महाराष्ट्रातली पंचांगं पुढे शेकडो वर्षं त्यावर चालली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात केशवांच्या वेधांचं मोल मोठ्या आदराने सांगितलं आहे. आज मंगळ म्हटला की पत्रिका आणि लग्नच आठवावं, ही या बापलेकांच्या कष्टांची उपेक्षाच आहे.

नांदगावनंतर साठ-सत्तर वर्षांनी डेन्मार्कजवळच्या व्हेन बेटावर टायको ब्राहे याच दुखण्याशी झगडत होता. दुर्बीण अजून आली नव्हती. भिंतीएवढे पितळी चाप उभारून तो ग्रहांच्या जागा एक-दोन कलांपर्यंत अचूक मोजत असे. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. १६०० साली प्रागजवळ त्याच्या हाताखाली आलेल्या योहान्नेस केप्लरच्या वाट्याला मंगळ आला. पुढच्याच वर्षी टायको गेला आणि त्याच्या वह्या केप्लरकडे राहिल्या.

केप्लरने वर्तुळाकार कक्षा धरून गणित मांडलं, सत्तरएक वेळा घासूनपुसून पुन्हा केलं. अखेर हिशेब जुळत आला. फरक उरला तो फक्त आठ कलांचा, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या एक चतुर्थांशाएवढा. त्या काळातल्या दुसऱ्या कुणीही हा फरक वेधातली चूक म्हणून सोडून दिला असता. केप्लरला टायकोचा हात माहीत होता. टायको आठ कला चुकणार नाही, तेव्हा चुकत असेल ते वर्तुळच, असं त्याने ठरवलं आणि कित्येक वर्षांचं काम मोडीत काढलं. १६०९ साली छापलेल्या ‘आस्ट्रोनोमिया नोव्हा’त मंगळाची कक्षा लंबवर्तुळ म्हणून उभी राहिली. हे मंगळावरच उलगडायचं होतं. गुरू-शनीच्या कक्षा जवळजवळ गोल आहेत, शुक्राची त्याहून गोल आणि बुध सूर्याच्या उजेडात धड सापडत नाही. मंगळाच्याच कक्षेतला वाकडेपणा टायकोच्या साधनांत पकडता येण्याएवढा होता.

दुर्बीण आल्यावर मंगळ ठिपक्याचा बिंब झाला, पण बिंबावर काही दिसायला पन्नास वर्षं गेली. २८ नोव्हेंबर १६५९ रोजी ख्रिस्तियान हॉयगेन्सने त्यावरचा एक काळसर त्रिकोणी डाग चितारला. आज तो सर्टिस मेजर म्हणून ओळखला जातो. तो डाग दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जवळपास त्याच जागी आला, त्यावरून मंगळाचा दिवस साधारण आपल्याएवढाच असावा असा त्याचा अंदाज झाला. कॅसिनीने १६६६ मध्ये तो २४ तास ४० मिनिटांचा सांगितला, प्रत्यक्षापेक्षा अवघी तीनेक मिनिटं जास्त. १६७२ च्या जवळच्या प्रतियुतीत कॅसिनी पॅरिसला राहिला आणि त्याचा सहकारी झां रिशे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर कायेनला गेला. दोन ठिकाणांहून मंगळाची जागा तारकांच्या संदर्भात किंचित वेगळी दिसते. त्या फरकावरून मंगळाचं अंतर निघालं आणि त्यावरून सूर्याचं, सुमारे चौदा कोटी किलोमीटर. खरं अंतर पंधरा कोटी आहे. सूर्यमाला केवढी मोठी, याचा पहिला विश्वासार्ह आकडा माणसाला मंगळामुळे मिळाला. पुढे शंभर वर्षांनी विल्यम हर्शेलने मंगळाचा कललेला आस आणि ऋतूंनुसार वाढणाऱ्या-घटणाऱ्या ध्रुवांवरच्या पांढऱ्या टोप्या यांचं वर्णन केलं.

मग आलं १८७७. त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मंगळ फार जवळ येणार होता. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत २६ इंची भिंगाची दुर्बीण होती. तेव्हा त्या जातीची जगातली ती सर्वांत मोठी. आसफ हॉलने तिच्यावर मंगळाचे उपग्रह शोधायला घेतले. मंगळाला उपग्रह नाहीत असं सर्व पाठ्यपुस्तकं सांगत होती. अडचण होती ती मंगळाच्याच झगझगाटाची. त्याच्याशेजारी असलेला अंधूक ठिपका डोळ्यांना दिसणार कसा? हॉलने दुर्बीण अशी धरायला सुरुवात केली की मंगळ दृष्टिक्षेत्राच्या जरा बाहेर राहील आणि कडेचा काळोख तेवढा आत येईल. काही रात्री काहीच मिळालं नाही. तो सोडून द्यायला निघाला होता. पत्नी अँजेलिना स्टिकनी हिने आग्रह धरला नसता तर आपण शोध थांबवला असता, असं त्याने स्वतःच पुढे नोंदवलं. अँजेलिना स्वतः गणिताची जाणकार. ११ ऑगस्टच्या रात्री एक अंधूक ठिपका दिसला, तोच पोटोमॅक नदीवरून धुकं चढलं आणि काम थांबलं. पुढच्या रात्रीही हवा वाईट. १६ तारखेला ठिपका पुन्हा सापडला आणि मंगळाबरोबरच सरकताना दिसला. तो डिमॉस. दुसऱ्याच रात्री त्याच्याही आतला फोबॉस मिळाला.

फोबॉस मंगळाभोवती ७ तास ३९ मिनिटांत फिरतो, म्हणजे मंगळाच्या स्वतःच्या फिरण्याहून कितीतरी वेगाने. मंगळावर उभं राहिलं तर तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळताना दिसेल. आत-बाहेर उड्या मारणारा हा ठिपका एकच आहे की दोन-तीन, अशी शंका हॉललाही सुरुवातीला आली होती. फोबॉसवरच्या सर्वांत मोठ्या विवराला आज स्टिकनीचं नाव आहे. ते अगदी योग्य झालं.

त्याच हंगामात मिलानच्या ब्रेरा वेधशाळेत जोव्हान्नी शियापरेल्ली मंगळाचा नकाशा काढत होता. त्याची दुर्बीण लहान, बावीस सेंटिमीटरची. पण हा माणूस कष्टाळू आणि शिस्तीचा. प्राचीन भूगोल आणि पुराणकथांतून उचललेली हेलास, एलिसियम, थार्सिस ही त्याने दिलेली नावं आजही नकाशावर आहेत. त्या नकाशावर त्याने काळ्या प्रदेशांना जोडणाऱ्या बारीक रेषाही दाखवल्या. इंग्रजी वर्तमानपत्रांत त्यांचे कालवे झाले. आणि कालवे म्हटले की ते खोदणारे आले.

पर्सिव्हल लॉवेल हा बॉस्टनच्या श्रीमंत घराण्यातला. अनेक वर्षं जपान-कोरियात काढून आलेला. १८९४ च्या प्रतियुतीआधी काही महिने त्याने अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच, स्वतःची वेधशाळा घाईघाईने उभारली. दुर्बिणीही उसन्या आणल्या. हंगाम हुकला असता तर सव्वीस महिने थांबावं लागलं असतं. वेधशाळा गावात नको, हवा स्थिर असेल अशा कोरड्या, उंच जागी हवी, हे त्याचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं होतं. आजच्या मोठ्या वेधशाळा याच न्यायाने बांधल्या जातात. त्याने शेकडो कालवे चितारले. सुकत चाललेल्या ग्रहावर ध्रुवांचं पाणी वितळवून विषुववृत्तापर्यंत नेणारी शहाणी जमात राहते, असं त्याने तीन पुस्तकांतून मांडलं. भाषा इतकी ओघवती की वाचणारा त्याच्यामागे जातोच. एच. जी. वेल्सची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी १८९८ ची, म्हणजे याच वातावरणातली.

लॉवेलला लबाड ठरवणं अन्यायाचं होईल. त्याला रेषा खरोखर दिसत होत्या. हवेच्या थरथरीत क्षणभर स्थिर होणाऱ्या इवल्याशा बिंबावर डोळा जे पकडतो ते मेंदू जोडून देतो. १९०३ मध्ये ग्रीनिचच्या एडवर्ड माँडरने एका शाळेतल्या मुलांना वर्गात बसवून फळ्याजवळचं चित्र उतरवून काढायला सांगितलं. चित्रात कालवे नव्हते, ठिपके आणि तुटक खुणा होत्या. ठरावीक अंतरावर बसलेल्या मुलांनी सरळ रेषा काढल्या. मंगळाचं नाव तोंडून न काढता माँडरने वादाचा बराचसा निकाल लावला. १९०७ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी एक छोटं पुस्तक लिहून सांगितलं, की मंगळ इतका थंड आणि विरळ हवेचा आहे की उघड्या कालव्यातून पाणी वाहणं शक्यच नाही. उरलंसुरलं १९०९ च्या जवळच्या प्रतियुतीत संपलं. पॅरिसजवळच्या म्यूदों वेधशाळेत ८३ सेंटिमीटरच्या भिंगातून, हवा विलक्षण स्थिर असलेल्या एका सप्टेंबरच्या रात्री, युजीन अँतोनियादीला रेषांच्या जागी असंख्य बारीक, वेडेवाकडे डाग दिसले. लोकांच्या मनातून मात्र कालवे गेले नाहीत. १९२४ च्या प्रतियुतीत मंगळावरून संदेश येतो का, हे ऐकण्यासाठी अमेरिकेत रेडिओकेंद्रांना ठरावीक वेळी गप्प राहायची विनंती केली गेली होती.

डोळ्यांची मर्यादा ओलांडायला यान लागलं. रशियाने १९६० पासून प्रयत्न सुरू केले, ते एकामागून एक फसले. अमेरिकेचं मरिनर-३ उडतानाच वाया गेलं, कारण वरचं आवरण सुटलंच नाही. त्याच हंगामातलं जुळं यान मरिनर-४ आवरण बदलून २८ नोव्हेंबर १९६४ ला निघालं आणि १५ जुलै १९६५ रोजी सुमारे ९,८०० किलोमीटरवरून मंगळाला वळसा घालून गेलं. त्याने बावीस छायाचित्रं फितीवर टिपली आणि मग पृथ्वीकडे धाडायला सुरुवात केली. वेग होता सेकंदाला सव्वाआठ बिट. प्रत्येक चित्रात दोनशे गुणिले दोनशे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला सहा बिट. म्हणजे एका चित्राला आठ तास.

पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांना धीर धरवेना. फीत नीट चालली की नाही याची धास्तीही होती. यंत्रातून छापून येणाऱ्या आकड्यांच्या कागदी पट्ट्या त्यांनी भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या. मग रंगीत खडू आणले आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग हे ठरवून, पिवळा, तपकिरी, लाल असे एकेक आकडे हाताने रंगवायला घेतले. संगणकाने चित्र तयार करण्याआधीच भिंतीवर मंगळाची कड आणि वरचं काळं आकाश उमटलं. यानाने जवळून घेतलेलं मंगळाचं पहिलं चित्र माणसांनी खडूने रंगवलेलं आहे. ते चौकटीत घालून संचालक विल्यम पिकरिंग यांना देण्यात आलं आणि आजही तिथेच आहे.

चित्रांत कालवे नव्हते, हिरवळ नव्हती. चंद्रावर असतात तशी विवरं होती. यान मंगळाआड जाताना त्याच्या रेडिओलहरी मंगळाच्या हवेतून आल्या, त्यावरून हवेचा दाब पृथ्वीच्या शंभराव्या भागाहूनही कमी निघाला. मंगळ मेलेला, असा निष्कर्ष काढून अनेकजण मोकळे झाले. बावीस चित्रांत पृष्ठभागाचा जेमतेम शंभरावा भाग आला होता, आणि तोही योगायोगाने सर्वांत जुना, विवरांनी भरलेला.

१९७१ च्या हंगामात अमेरिका आणि रशिया दोघेही निघाले. यानं वाटेत असतानाच सप्टेंबरमध्ये मंगळावर धुळीचं वादळ उठलं आणि त्याने सगळा ग्रह झाकला. रशियाच्या मार्स-२ आणि मार्स-३ यांचा कार्यक्रम आधीच पक्का भरलेला होता, थांबायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं. पहिलं उतरताना आपटलं. दुसरं २ डिसेंबरला सुखरूप उतरलं, मंगळावर अलगद टेकलेलं ते पहिलं यान. त्याने वीसेक सेकंद संदेश पाठवला आणि ते मुकं झालं. अमेरिकेच्या मरिनर-९ ला मात्र पृथ्वीवरून नव्या आज्ञा देता येत होत्या. ते नोव्हेंबरमध्ये कक्षेत शिरलं आणि धूळ बसेपर्यंत थांबलं.

धूळ खाली बसताना आधी चार काळे ठिपके वर आले. ते ज्वालामुखींचे माथे होते. शियापरेल्लीने जिथे ऑलिम्पसचा बर्फ असं नाव दिलं होतं, तिथे सुमारे बावीस किलोमीटर उंचीचा पर्वत निघाला. मग चार हजार किलोमीटर लांबीची दरी उघडी झाली, काश्मीर ते कन्याकुमारी अंतराहूनही लांब. आणि कोरड्या नदीपात्रांचे ठसे दिसले, फाटे, बेटं, गाळाच्या खुणा यांसह. मंगळावर कधी काळी पाणी वाहत होतं. मंगळशोधाच्या साऱ्या इतिहासात एवढी मोठी उलटापालट दुसऱ्या कुठल्या वर्षाने केली नसावी. एका वर्षाच्या आत ७,३२९ चित्रं आली आणि मेलेला ग्रह पुन्हा जाणून घेण्याजोगा झाला.

पुढची पायरी म्हणजे अमेरिकेची दोन व्हायकिंग यानं. २० जुलै १९७६ ला पहिलं, ३ सप्टेंबरला दुसरं उतरलं. पहिल्या रंगीत चित्रात आकाश निळं दाखवलं गेलं. रंगांचं माप नीट लावल्यावर ते धुळीने गुलाबी-पिवळट झालेलं निघालं. जीवाचा शोध घेणाऱ्या प्रयोगांपैकी एकात, मातीला पोषक द्रव दिल्यावर, वायू सुटला. या प्रयोगाचे प्रमुख गिल्बर्ट लेव्हिन अखेरपर्यंत सांगत राहिले की हा जीवच आहे. पण दुसऱ्या यंत्राला मातीत सेंद्रिय पदार्थच मिळाले नाहीत, म्हणून बहुतेकांनी ते रसायनाचं काम ठरवलं. बत्तीस वर्षांनी फिनिक्स यानाला ध्रुवाजवळच्या मातीत पर्क्लोरेट सापडलं. माती तापवली की हे क्षार त्यातले सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतात, आणि व्हायकिंगने माती तापवूनच तपासली होती.

व्हायकिंगनंतर वीस वर्षं मंगळावर कुणी उतरलं नाही. १९९७ च्या पाथफाइंडर यानापासून चाकांच्या गाड्या आल्या. अपयशही आलं. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर नष्ट झालं, कारण एका गटाने पाउंडात दिलेले आकडे दुसऱ्याने न्यूटनात धरले. पण २००४ मध्ये उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी या जोडीने सगळं भरून काढलं. तीन महिन्यांसाठी पाठवलेली ऑपर्च्युनिटी २०१८ च्या वादळापर्यंत चालली, ४५ किलोमीटरहून अधिक. स्पिरिटचं पुढचं उजवं चाक २००६ मध्ये अडकलं. तेव्हापासून ती उलटी चालायची आणि ते चाक मागे फरफटत यायचं. या फरफटीने २००७ मध्ये माती खरवडली गेली आणि खाली लख्ख पांढरी सिलिका निघाली. अशी सिलिका साचते ती गरम झऱ्यांजवळ किंवा वाफेच्या तोंडाशी. चाक धड असतं तर स्पिरिट वरून निघून गेली असती.

या यानांनी तपासलेले दगड बहुतेक बसाल्टचे आहेत. सह्याद्री आणि दख्खनचं पठार ज्या काळ्या पाषाणाचं आहे, तोच हा. त्यामुळे मंगळाचा अभ्यास करणाऱ्यांच्या नजरेत बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार मोलाचं आहे. पावणेदोन किलोमीटरहून रुंद असलेलं हे विवर ज्वालामुखीचं की उल्कापाताचं हा वाद बराच काळ होता. १९७३ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकी शास्त्रज्ञ यांनी तळात खोदून काढलेल्या नमुन्यांत आघाताने बदललेली खनिजं आणि काच सापडली, तेव्हा तो मिटला. बसाल्टमध्ये पडलेली आणि इतकी शाबूत राहिलेली आघातविवरं पृथ्वीवर विरळा. मंगळावर उल्का आदळल्यावर पाषाणाचं काय होतं, हे हातात धरून पाहायचं तर लोणारला यावं लागतं. मंगळाच्या उत्तर भागातल्या एका विवराला लोणारचं नावही मिळालं आहे.

भारताने मंगळाचा हंगाम धरला तो २०१३ चा. १५ ऑगस्ट २०१२ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी लाल किल्ल्यावरून मोहिमेची घोषणा केली आणि हाताशी सव्वा वर्ष उरलं. जड रॉकेट वापरण्याजोगं नव्हतं, म्हणून भरवशाचं पीएसएलव्ही घेतलं. त्याच्या दुसऱ्या टप्प्याचं विकास इंजिन विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनतं. पण हे रॉकेट यानाला थेट मंगळाच्या वाटेवर टाकू शकत नव्हतं. मग पृथ्वीभोवती फेऱ्या मारत, दर फेरीत यानाचं इंजिन थोडं पेटवून कक्षा ताणत न्यायची, असं ठरलं.

रॉकेटचा शेवटचा टप्पा दक्षिण प्रशांत महासागरावर पेटणार होता. तिथे जमीन नाही, म्हणून भारतीय नौवहन महामंडळाची नालंदा आणि यमुना ही दोन जहाजं अँटेना लादून पाठवली. वादळी हवेने नालंदा अडकली आणि २८ ऑक्टोबरचं उड्डाण पुढे ढकलावं लागलं. १९ नोव्हेंबरनंतर दार बंद होणार होतं. ५ नोव्हेंबरला दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी यान श्रीहरिकोट्याहून निघालं. ११ तारखेला चौथ्या वेळी इंजिन पेटवताना झडपेची मुख्य आणि राखीव अशी दोन्ही विद्युत-वेटोळी एकदम चालवून पाहिली, तेव्हा इंधनाचा प्रवाह थांबला. सेकंदाला १३० मीटर वेग वाढायचा तो ३५ मीटरच वाढला. दुसऱ्याच दिवशी पहाटे उरलेली भर घातली गेली. १ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर बावीस मिनिटं इंजिन जाळून यानाने पृथ्वी सोडली.

खरी परीक्षा पुढे होती. तेच इंजिन अवकाशाच्या थंडीत तीनशे दिवस बंद राहून पुन्हा पेटायला हवं होतं. २२ सप्टेंबर २०१४ ला ते चार सेकंद पेटवून पाहिलं. २४ तारखेच्या सकाळी ते सुमारे तेवीस मिनिटं जळालं, त्यातला बराच वेळ यान मंगळाआड होतं, आणि आठच्या सुमारास बंगळुरूला खात्री पटली. पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोचलेला हा पहिला देश. खर्च ४५० कोटी रुपये.

स्वस्तपणाचं कौतुक इतकं झालं की यानाने पाहिलं काय, हे मागे पडलं. उपकरणं पाचच, वजन पंधरा किलो, तेव्हा विज्ञान मर्यादित, हे मान्य करायला हवं. पण त्याची कक्षा फार लांबुळकी होती, ४२२ किलोमीटरपासून ७७ हजार किलोमीटरपर्यंत. इतक्या दुरून मंगळाचं अख्खं बिंब एका चित्रात यायचं. शिवाय डिमॉस मंगळाला कायम एकच बाजू दाखवतो, त्यामुळे मंगळालगत फिरणाऱ्या यानांना दुसरी बाजू दिसतच नाही. मंगळयान डिमॉसच्याही बाहेर जात असे आणि त्याने ती पलीकडची बाजू टिपली. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान सात वर्षांहून जास्त चाललं. एप्रिल २०२२ मध्ये मंगळाच्या सावलीत फार वेळ राहावं लागलं, बॅटरी संपली आणि संपर्क तुटला.

२०२० च्या जुलैत अमिराती, चीन आणि अमेरिका अशी तीन यानं अकरा दिवसांत निघाली आणि तिन्ही पोचली. अमेरिकेच्या पर्सिव्हरन्सने सोबत नेलेलं दोन किलोंपेक्षाही हलकं हेलिकॉप्टर विरळ हवेत ७२ वेळा उडालं. पर्सिव्हरन्स जेझिरो विवरातल्या जुन्या त्रिभुज प्रदेशात नळ्यांमध्ये दगडांचे नमुने भरत आली आहे. त्यातल्या एका दगडावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके आहेत. पृथ्वीवर असे ठिपके सूक्ष्मजीवांमुळे होऊ शकतात, पण जीवाशिवायही होऊ शकतात. निकाल हवा तर दगड प्रयोगशाळेत आला पाहिजे, आणि ते नमुने परत आणण्याची योजना खर्चापायी रखडली आहे. जपानची एमएमएक्स मोहीम फोबॉसची माती आणायच्या तयारीत आहे.

युरोपची रोझलिंड फ्रँकलिन ही गाडी २०२० चा हंगाम चुकली, कारण हवाई छत्र्यांच्या चाचण्या पुऱ्या झाल्या नव्हत्या. २०२२ चा गेला तो युक्रेनच्या युद्धामुळे रशियाशी सहकार्य तुटल्याने. आता तिची तारीख २०२८ ची आहे. तिच्यावर दोन मीटर खोल जाणारा ड्रिल बसवलेला आहे. आजवरच्या गाड्यांचे ड्रिल काही सेंटिमीटरच्या पुढे गेले नाहीत, आणि तेवढ्या खोलीवर अब्जावधी वर्षांच्या किरणोत्साराने सेंद्रिय रेणू बहुधा तुटलेले असतात. दोन मीटरखाली ते टिकले असण्याची शक्यता बरीच जास्त आहे.